तक्रार निकाली निघते, दोष तसाच राहतो : तांत्रिक ग्राहकसेवेविषयी चर्चा

खामलेकर

संगणक, मोबाइल किंवा इंटरनेट जोडणीची तक्रार नोंदवल्यावर काही काळाने ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश येतो आणि यंत्र मात्र पूर्वीसारखेच अडलेले असते, हा अनुभव आपल्याकडच्या अनेक घरांना आणि दुकानांना आलेला आहे. सर्वसाधारण नाराजी मांडण्यासाठी हा धागा नाही. एका नेमक्या प्रश्नावर सर्वांचे म्हणणे वाचायला मिळावे, अशी माझी इच्छा आहे. दोष दूर झाला की नाही हे कोणी ठरवायचे, आणि तक्रार बंद करण्यापूर्वी ग्राहकाची संमती घेणे बंधनकारक का नसावे?

मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून लॅपटॉप घेतला. हिवाळाभर तो उत्तम चालला, पण एप्रिल लागल्यापासून दुपारी तासभर काम केले की पडदा काळा होऊन यंत्र आपोआप बंद पडू लागले. हेल्पलाइनवर भाषा निवडा, उत्पादन निवडा, अनुक्रमांक दाबा, असे करीत माणसापर्यंत पोहोचल्यावर त्याने आधी यंत्र बंद करून सुरू करायला सांगितले, मग अपडेट टाकायला सांगितले आणि शेवटी सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगितले. एवढे करूनही दुपारचा प्रकार थांबला नाही, म्हणून यंत्र सेवा केंद्रात नेले. तेथे वातानुकूलित खोलीत टेबलावर ठेवून ते सुरू केले गेले, साहजिकच व्यवस्थित चालले, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारलेल्या कागदासह आम्हाला परत मिळाले. घरी कूलरच्या खोलीत त्याच दुपारी ते पुन्हा बंद पडले. फोन केला तेव्हा जुनी तक्रार बंद झालेली असल्यामुळे नवा क्रमांक मिळाला आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली.

ज्या परिस्थितीत दोष प्रकटच होणार नाही अशा परिस्थितीत चाचणी घेतली गेली आणि तिच्या निष्कर्षावर हरकत घेण्याची सोय कोठेच नव्हती, हा माझा मुख्य आक्षेप आहे. यंत्रात दोष निघू शकतो हे मला मान्य आहे. पण ग्राहक ‘अडचण कायम आहे’ असे म्हणत असताना नोंदवहीत ‘सुटली’ असे लिहिले जाणे मला मान्य नाही.

बर्डीचा तंत्रज्ञ

खामलेकर, संगणक दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आपण वर्णन केलेला दोष दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात भोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे लिहिलेले असते. नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश ही नवलाची गोष्ट नाही. २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ अंशांची नोंद झाली होती. उष्णतेचा मारा इलेक्ट्रॉनिक भागांवर किती होतो हे आपण २०२४ च्या मे अखेरीस पाहिले आहे. शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा आल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि साधारण १०० अंशांच्या आसपासची मर्यादा ओलांडली जाऊ लागली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असेल किंवा कारखान्यात उष्णतावाहक नळी नीट बसलेली नसेल, तर हिवाळ्यात काहीच जाणवत नाही आणि उन्हाळ्यात यंत्र पहिल्या दुपारीच मान टाकते. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवल्याने तो थंड राहतो असे अनेकांना वाटते. पण त्या झोतात ओलावाही असतो, आणि धूळ व ओलावा एकत्र आले की पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो.

आता पुराव्याविषयी लिहितो, कारण ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याला तोंडी उत्तर पुरत नाही. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. यंत्र नीट बंद न होता अचानक थांबले असेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना तीत ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद वेळेसह पडते. ही नोंद कारण सांगत नाही, केवळ घटना सांगते. म्हणून तिच्या जोडीला तापमान नोंदवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून बंद पडण्यापूर्वीचे आकडे जपून ठेवावेत. दोन्हींची छापील प्रत यंत्रासोबत द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र जमा करताना मिळणाऱ्या जॉबशीटवर आपले शब्द लिहून घ्यावेत. तेथे बहुधा केवळ ‘बंद पडतो’ एवढेच लिहिले जाते. त्याऐवजी ‘वातानुकूलन नसलेल्या खोलीत, चार्जर लावून, तासभर व्हिडिओ चालवल्यावर बंद पडतो, त्याच परिस्थितीत तपासावे’ असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. ज्या दोषाची नोंद झाली तोच दोष तपासला जातो.

रात्रपाळी

मी काही वर्षे अशाच एका कंपनीच्या हेल्पलाइनवर काम केले आहे. कंपनीचे नाव लिहिणार नाही, पण पलीकडच्या बाजूला काय घडते ते या चर्चेत यायला हवे.

फोन घेणाऱ्याचे मोजमाप प्रामुख्याने दोन गोष्टींवर होते. एक संभाषण सरासरी किती वेळ चालले आणि दिवसभरात किती तक्रारी बंद झाल्या, एवढे पाहिले जाते. दोष खरोखर गेला का, हे त्या मोजमापात जवळजवळ नसते. फार तर त्याच क्रमांकावरून लगेच पुन्हा फोन आला का, एवढे तपासले जाते. समोर पायऱ्यांची ठरलेली यादी असते आणि त्या पायऱ्या पूर्ण झाल्याची खूण केल्याशिवाय वरिष्ठ तंत्रज्ञाकडे तक्रार पाठवताच येत नाही. त्यामुळे आपण ‘हे सगळे मी आधीच करून पाहिले आहे’ असे कितीही पोटतिडकीने सांगितले, तरी पलीकडच्या मुलाला किंवा मुलीला ते पुन्हा करून घ्यावेच लागते. त्या व्यक्तीवर रागावून काही साधत नाही, कारण नियम तिने केलेले नाहीत.

साधते ते वेगळ्या मार्गाने. संभाषण संपण्यापूर्वी ‘आपण नोंदीत काय लिहिले ते मला वाचून दाखवा’ अशी विनंती करावी. बहुतेक वेळा नोंद तुटक असते, आणि ग्राहक ऐकतो आहे म्हटल्यावर ती तेथल्या तेथे सुधारली जाते. दुसरी बाब अशी की नवीन तक्रार नोंदवायला कधीही संमती देऊ नये. ‘जुनीच पुन्हा उघडा’ असे म्हणावे. नवा क्रमांक म्हणजे कंपनीच्या हिशेबात नवी घटना, आणि प्रतीक्षेचा काळही शून्यापासून मोजला जातो. जुना क्रमांक पुन्हा उघडला गेला की तो वरिष्ठांच्या यादीत दिसतो आणि त्याचे उत्तर त्यांना द्यावे लागते. उघडण्यास नकार मिळाला, तर तो नकारच ईमेलने मागावा.

महालची अक्षरजुळणी

मी महालात डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळीच्या आधी एखादा विशेषांक, असे कामाचे स्वरूप आहे. माझी अडचण उष्णतेची नाही, परंतु खामलेकरांनी मांडलेला मुद्दा तिच्यातही तंतोतंत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आमच्याकडे जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या फाइलींचा मोठा साठा आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असतो आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसू लागतात. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची आहेत. तरीही छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट त्यानंतर कितीतरी वर्षे टिकले, कारण छपाईसाठी त्यांचे वळण देखणे होते आणि हात जुन्या टंकलेखन यंत्रांच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेले होते. यंत्र बदलले, प्रणाली बदलली, आणि आम्हाला सगळा साठा युनिकोडमध्ये आणावा लागला. त्यासाठी पैसे देऊन एक सॉफ्टवेअर घेतले.

रूपांतरात खरी गुंतागुंत वेलांटी आणि रफार यांची आहे. जुन्या पद्धतीत टंकलेखन यंत्राप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट आहे. त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. त्याहून त्रासदायक बाब म्हणजे आमचे सॉफ्टवेअर मुळात हिंदीसाठी घडवलेले असावे, कारण ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद ते ओळखतच नाही आणि प्रत्येक ठिकाणी रफार देते. डोंगरदऱ्यांवरच्या लेखात सर्वत्र समुद्र येऊ लागला.

मी छायाचित्रांसह तक्रार पाठवली. उत्तर आले की मजकूर देवनागरीत व्यवस्थित दिसत आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. तपासणाऱ्याला मराठी वाचता येत नव्हते. त्याच्या दृष्टीने रोमन अक्षरे जाऊन देवनागरी आली, एवढ्यावर काम झाले होते. खामलेकरांचा लॅपटॉप थंड खोलीत तपासला गेला आणि माझा मजकूर मराठी न जाणणाऱ्या डोळ्यांनी तपासला गेला. दोन्हीकडे तपासणाऱ्याला दोष दिसण्याची शक्यताच नव्हती. कोट्यवधी लोकांच्या भाषेसाठी सॉफ्टवेअर विकायचे असेल, तर ती भाषा वाचू शकणारा एक तरी माणूस तक्रारी तपासायला ठेवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

धरमपेठेतील ज्येष्ठ

निवृत्तांच्या बाजूने थोडे लिहितो. आम्हाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’द्वारे डिजिटल पद्धतीने देता येतो आणि ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. वय वाढले की बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसे जुळत नाहीत. आमच्या भागातील एका केंद्रावर माझ्या पत्नीचे ठसे जुळले नाहीत, तेव्हा केंद्रचालकाने ‘सर्व्हरची अडचण आहे, पुन्हा या’ एवढेच सांगितले आणि कोणतीही नोंद केली नाही. आपण सर्व जण निदान बंद झालेल्या तक्रारीविषयी बोलत आहात. आमच्यापैकी अनेकांची तक्रार नोंदवलीच जात नाही.

ज्यांना ही अडचण येते त्यांनी लक्षात ठेवावे, की २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून ओळख पटवण्याचीही सोय आहे. कागदी दाखलाही रद्द झालेला नाही. तो बँकेत स्वतः जाऊन देता येतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरची गर्दी टाळता येते.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगावीशी वाटते. हेल्पलाइनचा खरा क्रमांक सहज सापडत नाही, म्हणून आमच्या वयाची माणसे तो इंटरनेटवर शोधतात आणि भामट्यांनी पसरवलेल्या क्रमांकावर फोन करतात. पलीकडचा माणूस अत्यंत आदराने बोलतो, पडदा दूरून पाहता येईल असे अॅप उतरवून घ्यायला सांगतो आणि खाते रिकामे करतो. आमच्या अंबाझरीच्या फिरण्याच्या गटातील एका गृहस्थांच्या बाबतीत हेच घडले. असे घडल्यास तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे आणि त्याच वेळी बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, परंतु कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. म्हणून लाजेपोटी गमावलेला प्रत्येक तास महाग पडतो.

सदरचा दुकानदार

वरील सर्व मते वाचली. आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो.

माझे बिलांचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर महिन्याच्या १८ किंवा १९ तारखेला अडले, तर २० तारखेचे जीएसटी विवरणपत्र माझ्यासाठी थांबत नाही. उशिराला दररोज विलंब शुल्क आहे. अशा वेळी नोंद वाचून घेणे, ईमेल लिहिणे, नकार लेखी मागणे यासाठी माझ्याकडे वेळ नसतो. मी गावातल्याच एका माणसाशी वार्षिक देखभालीचा करार केला आहे. तो फोन उचलतो, दुकानात येतो आणि दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. मोठ्या कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा मला त्याचा भरवसा अधिक वाटतो आणि त्यासाठी पैसे मोजणे मला गैर वाटत नाही.

खामलेकरांची संमतीची मागणी मला अव्यवहार्य वाटते. काम झाल्यावर पुष्कळ ग्राहक उत्तरच देत नाहीत. माझ्याच दुकानात दुरुस्त केलेली वस्तू न्यायला लोक महिनोन् महिने येत नाहीत. अशाने कोणतीच तक्रार कधी बंद होणार नाही.

ग्राहक-अभ्यासक

हमीच्या काळातील यंत्र बाहेरच्या तंत्रज्ञाकडून उघडून घेतले, तर कंपनी त्याचे निमित्त करून हमी नाकारू शकते. म्हणून दुकानदार महोदयांचा मार्ग खामलेकरांना आज उपयोगी पडणार नाही. त्यांच्यासाठी कायद्याचा मार्ग थोडक्यात लिहितो.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यातील सर्वांत उपयुक्त बदल असा, की कंपनीचे मुख्यालय बंगळूरला असो वा गुरुग्रामला, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे खामलेकरांनी नागपूर सोडण्याची आवश्यकता नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याच्या संदर्भात एक तरतूद मुद्दाम सांगतो. योग्य तपासणीशिवाय वस्तूतील दोष ठरवता येत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे दोष आहे की नाही हा निर्णय शेवटी कंपनीच्या सेवा केंद्राचा राहत नाही.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावर उत्तर देतात. खरेदी ऑनलाइन असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. खामलेकरांची खरेदी दुकानातील असल्यामुळे त्यांना हा नियम लागू होणार नाही. आयोगात वेळ लागतो हे खरे आहे. यंत्राच्या तपासणीची गरज असल्यास कायद्याने ५ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न अपेक्षिला आहे, परंतु प्रत्यक्षात त्याहून अधिक काळाची तयारी ठेवावी.

खामलेकर

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदार साहेबांच्या आक्षेपातील व्यवहाराचा भाग मला पटतो, म्हणून माझी मागणी अधिक नेमकी करतो. ग्राहकाने ठरावीक मुदतीत उत्तर दिले नाही तर तक्रार आपोआप बंद व्हावी. परंतु त्या मुदतीत त्याने ‘दोष कायम आहे’ असे कळवले, तर ती त्याच क्रमांकावर, आधीच्या सर्व नोंदींसह, वरच्या पातळीवर गेली पाहिजे. यात कंपनीचे नुकसान काय आहे ते मला दिसत नाही. महालच्या ताईंनी लिहिलेले मात्र मनाला लागले. माझा दोष निदान तापमापकाने दाखवता येतो. त्यांचा दोष पाहण्यासाठी भाषा यावी लागते आणि तिची अपेक्षा करणे म्हणजे जादा सवलत मागणे नव्हे.

इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी आणि तापमानाचे आकडे काढून ठेवले आहेत. जुनी तक्रार पुन्हा उघडण्याची विनंती ईमेलने केली आहे आणि जॉबशीटवर लिहून घ्यायचा मजकूर तयार आहे. यंत्र पुन्हा जमा करण्यापूर्वी आणखी काही काळजी घ्यावी का?

बर्डीचा तंत्रज्ञ

होय, आणि ती घेतलीच पाहिजे. सर्वप्रथम मुलीच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण सेवा केंद्रे साठवलेल्या माहितीची जबाबदारी घेत नाहीत आणि तसे जॉबशीटच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते. त्यानंतर लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा उपकरण-कूटबंधन, म्हणजे साठवलेली माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजमधील सोय, चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर ते अनेकदा आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला गेला, तर पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो नसेल तर आतील काहीही उघडत नाही आणि कोणतीही हेल्पलाइन तो देऊ शकत नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्यात शिरून तो क्रमांक आजच कागदावर उतरवून ठेवा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नका.